रात्रीचा निर्णय दिवसा घेऊन ठेवा



बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आपल्याकडच्या जुन्या बायका सांगत आल्या. हे बोल त्यांनी हौसेनं काढलेले नाहीत. काल पाणवठ्यावर हसतबोलत भेटलेली पोर आज बाळंतपणात गेली, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशींचं उदाहरण आपल्याला ठाऊक आहे. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत तो गेला. ते दुःख उराशी धरून ही मुलगी १८८३ साली समुद्र ओलांडून अमेरिकेला गेली आणि ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाली. प्रबंधासाठी तिनं विषय घेतला तो प्रसूतीशास्त्राचाच. दुर्दैव असं, की वर्षभरातच, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तिचा अंत झाला.

तेव्हापासून काळ पुष्कळ पालटला. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात शंभरातली जवळजवळ ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात. एक लाख बाळं जिवंत जन्मली तर त्यामागे किती माता दगावल्या, असा हिशेब सरकार ठेवतं. २००१ ते २००३ या काळात साऱ्या देशाचा हा आकडा ३०१ होता. २०१८ ते २०२० या काळात तो ९७ वर आला, आणि महाराष्ट्राचा तर ३३ वर. ही कमाई लहान नाही. पण ज्या घरची बाई जाते, त्या घराला हे आकडे काय सांगणार? तिथं आकडा एकच, आणि तो पुरा शंभराचा.

मग दवाखाने झाले, गाड्या झाल्या, औषधं झाली, तरी बाया का दगावतात? सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक बाईंनी १९९४ साली या प्रश्नाची उकल मोठ्या सोप्या शब्दांत मांडली. त्यांचं म्हणणं असं, की दुखणं असतंच. पण जीव बहुधा उशिरानं जातो. हे उशीर तीन. दवाखान्यात न्यायचं हे ठरवायला उशीर, तो पहिला. ठरल्यावर तिथं पोचायला उशीर, तो दुसरा. आणि पोचल्यावर योग्य इलाज सुरू व्हायला उशीर, तो तिसरा. आज आपण हे तीन उशीर एकेक करून पाहू. कारण यातले पहिले दोन तर आपल्या घरात आणि आपल्या गावातच बसलेले आहेत.

समजा, श्रावणातली रात्र आहे. घरातल्या सुनेला आठवा महिना चालू आहे. संध्याकाळपासून ती कपाळ धरून बसली आहे. हातातल्या बांगड्या रुतताहेत, चेहरा सुजल्यासारखा दिसतो आहे. ती म्हणते, “आत्याबाई, डोकं फार ठणकतंय, डोळ्यांपुढं काजवे चमकताहेत.” सासूबाई मायेच्याच, म्हणतात, “अगं, पित्त झालं असंल. सुंठ उगाळून लाव आणि पड जरा.” नवरा परगावी कामाला गेलेला. मामंजी म्हणतात, “तो आल्याशिवाय कसं ठरवायचं? सकाळी बघू.” रात्री दोन वाजता पोरीला आकडी येते. मग धावाधाव. गाडीवाला फोन उचलत नाही. ओढ्याला पाणी आलेलं. पहाटे कसंबसं प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं, तर तिथले डॉक्टर पहिलं इंजेक्शन देऊन सांगतात, “हिला पुढं न्या, इथं ऑपरेशनची सोय नाही.”

या घरात कुणी दुष्ट नव्हतं. कुणी दुर्लक्षही केलं नाही. तरीही आठ तास गेले. ही गोष्ट कुणा एका घरची म्हणून सांगितली नाही; पण ऐकताना पुष्कळांना ती ओळखीची वाटेल.

आता पहिला उशीर घेऊ. ठरवायला वेळ का लागतो? एक तर धोक्याची खूण ओळखू येत नाही, आणि दुसरं, ठरवायचं कुणी हेच ठरलेलं नसतं.

त्या सुनेला झालं होतं काय? गरोदरपणाचे वीस आठवडे उलटल्यावर काही जणींचा रक्तदाब वाढतो. वारेतल्या बिघाडातून हे दुखणं उपजतं आणि लघवीवाटे प्रथिनं जाऊ लागतात. याची लबाडी अशी, की सुरुवातीला काहीच दुखत नाही. बाई हिंडतीफिरती असते. म्हणून रक्तदाब मोजायचा आणि लघवी तपासायची, ती बाईला बरं वाटत असतानाच. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० झाला, की डॉक्टरांच्या नजरेखाली राहायला हवं. संध्याकाळी पायावर थोडी सूज येते आणि रात्रीच्या विश्रांतीनं उतरते, ती पुष्कळ जणींना येते. पण चेहऱ्यावर आणि हातांवर सूज, असह्य डोकेदुखी आणि डोळ्यांपुढं अंधारी ही निराळी गोष्ट. ते पित्त नव्हे. आकडी येण्याआधीची ती सूचना असते, आणि आकडी येण्याआधी पोचलेली बाई बहुधा वाचते.

अशा खुणा आणखीही आहेत. घरातल्या प्रत्येकाला त्या पाठ असाव्यात. कोणत्याही महिन्यात अंगावरून रक्त जाणं, मग ते थोडं का असेना. कळा नसताना पाणी जाणं. पोटातल्या बाळाची हालचाल मंदावणं किंवा थांबणं. अंगात सणकून ताप. बसल्या जागी धाप लागणं. पोटात सतत जोराच्या वेदना. आणि आकडी. कळा सुरू होऊन बारा तास झाले आणि बाळंतपण होत नाही, तरी तो धोकाच. यातलं एक जरी दिसलं, तरी सकाळची वाट पाहायची नाही.

बाळंत झाल्यावरही जोखीम संपत नाही. उलट पहिला दिवस सर्वांत नाजूक. दिवस भरत आलेल्या बाईच्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्धा लिटरहून जास्त रक्त खेळत असतं. मूल बाहेर आलं, वार पडली, की गर्भाशय मुठीसारखं आवळतं आणि रक्ताच्या तोट्या आपोआप बंद होतात. ते आवळलं नाही, तर दोन तासांतही प्राण जाऊ शकतो. वार अर्ध्या तासात पडली नाही, किंवा कापडामागून कापड भिजू लागलं, तर तत्काळ इलाज हवा. म्हणूनच दवाखान्यात बाळंतीण निदान ४८ तास ठेवतात. “सगळं नीट झालं, आता घरी जाऊ,” अशी घाई करू नका. घरी आल्यावर ताप आला किंवा अंगावरून दुर्गंधी जाऊ लागली, तरी परत दाखवा.

इथं एक इशारा. कळा लवकर याव्यात म्हणून काही ठिकाणी घरीच इंजेक्शन टोचून घेतात. हे फार घातक आहे. ज्या औषधानं दवाखान्यात डॉक्टरांच्या देखरेखीखाली जीव वाचतो, त्याच औषधानं घरी गर्भाशय फाटू शकतं.

आता ठरवायचं कुणी? नवरा परगावी, सासरा शेतावर, सासूबाईंचा जीव खालीवर. अशा वेळी घरानं आधीच बोलून ठेवावं, की यातली एक जरी खूण दिसली, तर जो कोणी घरात असेल त्यानं कुणाला न विचारता गाडी बोलवायची. सुनेला स्वतःलाही तो अधिकार असावा. रात्री दोन वाजता घ्यायचा निर्णय दुपारी दोन वाजता, शांत डोक्यानं घेऊन ठेवला, की पहिला उशीर संपला.

दुसरा उशीर वाटेचा. महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर फोन केला, की रुग्णवाहिका येते. गरोदर बाईला नेण्याआणण्यासाठी १०२ ची गाडीही आहे. दोन्हींना पैसे पडत नाहीत. हे दोन आकडे चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहिले तरी चालतील, पण लिहा. त्याखाली आशाताईंचा आणि नर्सबाईंचा नंबर लिहा. आणि गावातल्या एका जीपवाल्याशी आधीच बोलून ठेवा, म्हणजे सरकारी गाडीला वेळ लागला तर खोळंबा होणार नाही. पावसाळ्यात ओढा, साकव तुंबणारी गावं आपल्याकडे पुष्कळ आहेत. तिथल्या बाईनं दिवस भरत आले, की आठपंधरा दिवस अलीकडेच रस्त्यालगतच्या नातलगाकडे किंवा दवाखान्याजवळ मुक्कामाला जावं. पेरणीसाठी आपण मृगाआधी बी घरात आणून ठेवतो. मग यासाठी का नको?

तिसरा उशीर दवाखान्यातला. तो आपल्या हातचा नाही असं वाटतं, पण अर्धा आपल्या हातचा आहे. सगळे दवाखाने सगळं करू शकत नाहीत. उपकेंद्रात तपासणी होते, प्राथमिक आरोग्य केंद्रात साधं बाळंतपण होतं. पण पोट उघडून मूल काढायची आणि रक्त चढवायची सोय मोठ्या रुग्णालयात असते. तेव्हा सातव्या महिन्यातच नर्सबाईंना विचारा: “आमच्या गावाला ऑपरेशन आणि रक्ताची सोय असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय कोणतं?” ज्या बाईचा रक्तदाब वाढलेला आहे, रक्त फार कमी आहे, पोटात जुळं आहे, मूल आडवं किंवा पायाळू आहे, किंवा मागच्या खेपेला पोट उघडावं लागलं होतं, तिनं बाळंतपणासाठी पहिल्यापासून तिथंच जायचं. म्हणजे एका दारातून दुसऱ्या दारात फिरण्यात रात्र जाणार नाही. खर्चाची धास्तीही नको. जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात बाळंतपण, गरज पडल्यास ऑपरेशन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी परतायची गाडी हे सगळं मोफत आहे.

पण या तीन उशिरांच्याही आधीची एक गोष्ट आहे, ती म्हणजे बाईच्या अंगातलं रक्त. ज्या विहिरीला पाणीच कमी, तिचा उपसा थोडा झाला तरी तळ दिसतो. तसंच रक्त कमी असलेल्या बाईला थोडासा रक्तस्राव झाला, तरी तो झेपत नाही. त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या जवळजवळ ४६ गरोदर बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या वर असावं. ७ च्या खाली गेलं, तर तिला रुग्णालयातच न्यायला हवं.

म्हणून दिवस गेल्याचं कळताच, बारा आठवड्यांच्या आत, आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात नाव नोंदवा. “तीन महिने कुणाला सांगू नये” हा संकोच नातलगांपुरता ठेवा. नर्सबाईंपासून लपवू नका. निदान चार तपासण्या कराच: पहिली तीन महिन्यांच्या आत, मग साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यात, सातव्या-आठव्यात आणि नवव्यात. वजन, रक्तदाब, लघवी, हिमोग्लोबिन, रक्तगट आणि साखर पाहून घ्या. धनुर्वातापासून बचाव करणारं इंजेक्शन घ्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. २०१६ पासूनची ही योजना आहे. ९ तारीख लक्षात ठेवायला सोपी. बाळही नऊ महिन्यांचंच!

पहिल्या तीन महिन्यांत फॉलिक ॲसिडची गोळी, आणि चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी रोज एक, अशा १८० गोळ्या बाळंतपणाआधी आणि तेवढ्याच नंतर घ्यायच्या असतात. पुष्कळ बाया चार दिवस गोळ्या घेतात आणि सोडून देतात. का? तर शौचाला काळी होते, मळमळतं, आणि कुणीतरी सांगतं, “गोळ्यांनी मूल काळं होतं.” शौचाचा काळा रंग हा लोहाचा आहे, त्यानं काही बिघडत नाही, आणि मुलाच्या वर्णाशी गोळीचा संबंध नाही. मळमळत असेल तर रात्री झोपताना घ्या. चहाबरोबर मात्र घेऊ नका. चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबू, आवळा, पेरू यांनी ते अंगी लागतं. कॅल्शियमची गोळीही मिळते. ती जेवणाबरोबर घ्या, आणि दोन्ही गोळ्यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

खाण्याचं म्हणाल तर आपल्या घरातच सगळं आहे. रोजच्यापेक्षा एक जादा भाकरी, वाटीभर मटकीची किंवा हरभऱ्याची उसळ, पालेभाजी, दूध, मिळेल तसं अंडं किंवा मासळी. “जास्त खाल्लं तर मूल मोठं होईल आणि बाळंतपण अडेल,” असं म्हणून सुनेचं ताट आखडू नका. अर्धपोटी आईचं मूल अशक्त जन्मतं. ग्रहणात दिवसभर उपाशी ठेवण्यानंही बाळाचं काही भलं होत नाही, त्रास मात्र आईला होतो. आणि सासूबाईंनी सर्वांच्या मागून उरलंसुरलं सुनेला वाढायची रीत निदान नऊ महिने बाजूला ठेवावी. दुपारी दोन तास आणि रात्री आठ तास तिला आडवं होऊ द्यावं. पाण्याचे हंडे, मोळ्या, पोती दुसऱ्यांनी उचलावी. मिश्रीची सवय असेल तर ती सोडवा. मिश्री म्हणजे तंबाखूच. तिच्यानं बाळाचं वजन घटतं.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची चाल आहे. सातव्या महिन्यात ओटी भरतो, डोहाळजेवण होतं, हिरवी साडी, हिरव्या बांगड्या. चाल गोड आहे. पण लेक माहेरी निघते तेव्हा तिच्या पेटीत साडीच्या वर तपासणीचं कार्ड ठेवा. ते कार्ड नसेल, तर तिकडच्या नर्सबाईंना तिचा रक्तदाब कधीपासून वाढतोय, रक्तगट कोणता, काही कळत नाही. माहेरी पोचताच दोन दिवसांत तिथल्या आशाताईंना भेटवा. ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांनीही हे ध्यानात ठेवावं. दिवाळीच्या सुमारास गाव सोडताना कोयत्याबरोबर कार्डही घ्या आणि फडाजवळच्या आरोग्य केंद्रात नाव सांगा.

गुरुजी आणि बाई, आता तुमच्याकडे वळतो. सुरक्षित बाळंतपणाचा पाया प्रसूतिगृहात घातला जात नाही, तो तुमच्या वर्गात घातला जातो. आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी मुली तुमच्यासमोर गिळतात की दप्तरात टाकतात, ते पाहा. जंताची गोळी चुकू देऊ नका. अठरा वर्षांच्या आत लग्न ठरत असलेली मुलगी शाळेत येईनाशी झाली, तर तिच्या घरी जा; तुमच्या शब्दाला गावात मान आहे. कोवळ्या वयातलं बाळंतपण आई आणि बाळ दोघांनाही जड जातं. आणि एक छोटं काम करा. धोक्याच्या खुणा आणि १०८, १०२ हे क्रमांक शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर ठळक लिहा. मुलं ते वाचतील, घरी सांगतील. ज्या घरात कुणालाच वाचता येत नाही, तिथं तिसरीतलं पोरसुद्धा रात्री दोन वाजता योग्य क्रमांक फिरवू शकतं.

आता तीच श्रावणातली रात्र पुन्हा डोळ्यांपुढं आणा. सून म्हणते, “आत्याबाई, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं काजवे चमकताहेत.” सासूबाई सुंठ शोधत नाहीत. त्या भिंतीवरच्या आकड्याकडे बघतात आणि नातवाला म्हणतात, “लाव रे फोन.” मामंजी कार्ड घेतात, शेजारी पिशवी घेतो. गाडी आडवाटेनं न थांबता थेट मोठ्या रुग्णालयात जाते, कारण कुठं जायचं हे दोन महिन्यांपूर्वीच ठरलेलं आहे. रात्री दहाच्या आत पोरगी डॉक्टरांच्या हाती.

दुखणं तेच, घर तेच, ओढाही तोच. फरक एवढाच, की ठरवायचं ते आधी ठरलेलं होतं.

तुमच्या घरात, शेजारात कुणी दोन जिवांची असेल, तर हे पान मिटण्याआधी तिच्याकडे जाऊन या. कार्ड काढायला लावा, शेवटचा रक्तदाब कधी मोजला ते वाचा, आणि भिंतीवर क्रमांक लिहून द्या. बाळंतपण हा बाईचा दुसरा जन्म, असं पुढच्या पिढीला म्हणावं लागू नये. त्या दिवशी घरात एकच जन्म व्हावा, तो बाळाचा.